संशयकल्लोळ मुळात फ्रेंच की इंग्रजी? गणपतीत निवेदन करायचंय, सांगा ना

सुदामानगरवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा.

आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत संगीत संशयकल्लोळचे तीन प्रवेश करायचं ठरवलंय. पूर्ण नाटक झेपणार नाही कारण गाणारे दोघंच आहेत आणि पेटीवाले काका शनिवार-रविवारीच मिळतात, पण तालमी जोरात चालल्यात, रोज रात्री जेवणं उरकली की आमच्या गच्चीवर, पाऊस आला की खाली पार्किंगमध्ये. माझं काम निवेदनाचं आहे. पडदा उघडायच्या आधी दोन-तीन मिनिटं बोलायचं, नाटक कुणाचं, कधीचं, कुठून आलं.

तिथेच गाडी अडलीय. माझे सासरे म्हणतात की देवलांनी हे इंग्रजी नाटकावरून घेतलं, त्यांनी शाळेत असल्यापासून हेच ऐकलंय. आणि माझी लेक कॉलेजात फ्रेंच शिकते, ती म्हणते आई हे मोलिएरचं आहे, क्लासमध्ये गोष्ट सांगितली तेव्हा मला लगेच ओळखू आलं, मुलीला रस्त्यात चक्कर येते, शेजारचा माणूस सावरतो, त्याची बायको वरून खिडकीतून बघते, मग ती तसबीर हरवते, सगळं तेच. आजोबा आणि नात दोघंही ठाम, दोन दिवस घरात दुसरा विषय नाही.

तर एक म्हणजे खरं कोण. दुसरं, फ्रेंच असेल तर तिथून इथे येईपर्यंत त्याच्यात काय काय बदललं. आणि तिसरं, जे मला जास्त टोचतंय, आमच्या मंडळातले एक-दोन जण म्हणतात की हे बाहेरचं आहे असं स्टेजवरून सांगूच नका, देवलांचा मान जातो. मला हे पटत नाही पण काय उत्तर द्यायचं तेही सुचत नाहीये.

जुना प्रॉम्प्टर (इंदूर)

ताई, तुमचे सासरेही बरोबर आणि लेकही बरोबर. देवलांनी घेतलं ते इंग्रजीतून, पण त्या इंग्रजाने घेतलं होतं फ्रेंचमधून. इंग्रज म्हणालो खरा, पण माणूस आयरिश, आर्थर मर्फी. त्याचं नाटक ऑल इन द राँग, १७६१ च्या जूनमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला लागलं, उन्हाळी सीझन होता तो, मर्फीने सॅम्युअल फूटबरोबर मिळून चालवलेला. आणि त्याच्या मागे मोलिएरचं स्गानारेल, म्हणजे २८ मे १६६०, पॅरिस, पेती-बुरबों नावाचं थिएटर. मधे शंभर वर्षं गेली. मर्फीनंतर देवलांपर्यंत अजून सव्वाशे-दीडशे.

मोलिएरचं नाटक एकदम छोटं आहे हो, एक अंकी, चोवीस प्रवेश, सगळं पद्यात. सेली नावाच्या मुलीचं लेलीवर प्रेम, बापाला श्रीमंत व्हालेर जावई हवा. ती रस्त्यात बेशुद्ध पडते, हातातली लेलीची तसबीर खाली पडते, शेजारचा स्गानारेल तिला सावरतो, त्याची बायको खिडकीतून बघते आणि धावत खाली येते, तोवर हे दोघं घरात गेलेले. बाईला काय मिळतं तर तसबीर. ती उचलून निरखत बसते, वा काय काम केलंय म्हणून, आणि मागून स्गानारेल येतो, त्याला दिसतं काय तर बायको परक्या पुरुषाच्या चेहऱ्यावर खूश. झालं. मग तसबीर स्गानारेलच्या हातात, ती लेलीला दिसते, त्याला वाटतं सेलीने याच्याशी लग्न केलं. म्हणजे बघा, एक वस्तू या हातातून त्या हातात फिरते आणि प्रत्येक वेळी बघणाऱ्याला फक्त शेवटचा हात दिसतो. सगळी गंमत त्यात आहे आणि ती तशीच्या तशी आपल्या नाटकातल्या संशयी नवऱ्यापर्यंत, फाल्गुनरावापर्यंत आली.

मला सगळ्यात आवडतो तो चिलखताचा प्रवेश. स्गानारेल ठरवतो की आता लेलीला मारायचंच, डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घालून येतो, आणि लेली समोर उभा राहून विचारतो हे काय घातलंय, तर म्हणतो पावसासाठी घातलंय. त्याच्या आधी तो स्वतःशी बराच वेळ हिशोब करतो की अब्रू गेली तरी चालेल, जीव गेला तर काय उरलं. ही भूमिका मोलिएर स्वतः करायचा, आणि त्याच्या हयातीत त्याच्या कंपनीने सर्वात जास्त वेळा केलेलं नाटक हेच, त्याची गाजलेली तार्त्यूफ नाही, लावार नाही, हे छोटंसं.

प्रॉम्प्टर म्हणून मी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. हे नाटक त्याच वर्षी चोरून छापलं गेलं. एका प्रेक्षकाने पाच-सहा वेळा बघितलं, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सगळं पाठ झालंय, आणि त्याने ते लिहून काढून पुस्तकच केलं, प्रत्येक प्रवेशाआधी नट काय करतो याचं वर्णन घालून. मोलिएर कोर्टात गेला. राग येणारच, पण त्या चोराने लिहून ठेवलं म्हणून मोलिएर स्टेजवर चेहरा कसा करायचा ते आज आपल्याला कळतं. मी विंगेत पुस्तक धरून वीस वर्षं उभा राहिलोय, पाठ होणं म्हणजे काय ते मला माहिती आहे, पाच वेळात चोवीस प्रवेश म्हणजे त्या माणसाचं डोकं काय असेल.

रावपुऱ्यातून (वडोदरा)

काकांनी सुंदर लिहिलंय. मी मराठी बाजूचं सांगते, कारण आमच्या बडोद्याचा थोडा संबंध येतो.

देवलांनी आधी हे गद्य नाटक म्हणून लिहिलं, फाल्गुनराव नावाने, १८९० नंतरच्या काळातलं ते. पदं वगैरे घालून संगीत संशयकल्लोळ झालं ते १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीसाठी, आणि त्याच वर्षी देवल गेले. म्हणजे ज्या रूपात आज आपण नाटक ओळखतो ते त्यांचं शेवटचं काम म्हणायचं. गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, म्हणून इथली जुनी माणसं त्या कंपनीबद्दल घरातल्यासारखं बोलतात. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. बोडसांचा फाल्गुनराव इतका गाजला की नंतर ज्याने ज्याने तो केला त्याला त्यांच्याशी तुलना चुकली नाही.

गद्य की संगीत यावर निवेदनात एक वाक्य तरी टाकाच. लोकांना वाटतं पदं पहिल्यापासून होती. पण गोष्ट गद्यात आधी उभी राहिली, तिचे सांधे घट्ट बसले, मग गाणी आली, म्हणून त्यातली गाणी कथेला अडवत नाहीत. इतर काही संगीत नाटकांत आपण गाण्यासाठी थांबतो आणि गाणं संपलं की कुठे होतो ते आठवावं लागतं, इथे तसं होत नाही. तुमचे गाणारे दोघंच असले तरी चालेल, आश्विनशेठ आणि रेवती ही प्रेमी जोडी गायली की झालं, फाल्गुनराव-कृत्तिका हे नवरा-बायको बोलण्यावर तरून जातात.

आणि मान जाण्याबद्दल. देवलांची सात नाटकं, त्यातलं शारदा हे एकच पूर्ण स्वतंत्र. मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय, शापसंभ्रम संस्कृतातून, झुंझारराव म्हणजे ऑथेल्लो, दुर्गासुद्धा इंग्रजीवरून. संस्कृतातून घेतलं की आपल्याला अभिमान वाटतो आणि फ्रेंचातून घेतलं की मान जातो, हे मला कधीच समजलं नाही. ताई, त्यांना एवढंच विचारा की झुंझाररावाच्या वेळी लाज वाटली होती का.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मला नावांबद्दल बोलायचंय. शाळेत असताना आमच्याकडे एका आजोबांनी हे नाटक बसवलं होतं आणि पहिल्या तालमीला त्यांनी पंचांग आणलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे.

मर्फीकडे नावं आहेत सर जॉन रेस्टलेस, लेडी रेस्टलेस, बेव्हर्ली, बेलिंडा. रेस्टलेस म्हणजे ज्याला चैन नाही तो, म्हणजे नावातच स्वभाव सांगून टाकला, इंग्रजी कॉमेडीत ती पद्धतच होती. देवलांनी त्याचं भाषांतर केलं असतं तर काहीतरी संशयराव वगैरे झालं असतं आणि नाटक तिथेच मेलं असतं. त्यांनी काय केलं, पुरुष सगळे महिन्यांवरून आणि बायका नक्षत्रांवरून. फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आता पंचांग उघडा. नक्षत्रं सत्तावीस, शेवटचं रेवती, आणि चक्र परत सुरू होतं ते अश्विनीपासून, म्हणजे रेवती आणि आश्विन एकमेकांना लागून. त्यांचं जमणारच. आणि कृत्तिका कुठल्या महिन्याची, तर कार्तिकाची. फाल्गुनाची नाही. जोडीच पंचांगात बसत नाही त्यांची, मग संसारात कशी बसेल. देवलांनी हे मुद्दाम केलं असं माझं ठाम मत आहे, ज्या माणसाने संस्कृतातून तीन नाटकं मराठीत आणली त्याला नक्षत्रांचा क्रम पाठच असणार.

आता बदल काय झाला विचारलंत, तर नायिकेचा. सेली आणि बेलिंडा दोघी चांगल्या घरातल्या मुली, बापाच्या धाकातल्या. १८९० च्या महाराष्ट्रात तसल्या घरातली लग्नाची मुलगी प्रियकराची तसबीर घेऊन एकटी रस्त्याने कशी चालेल? प्रेक्षकांनी पहिल्याच मिनिटाला मानलं नसतं. देवलांनी रेवतीला कलावंतिणीच्या घरातली केलं. एका फटक्यात तिचं बाहेर फिरणं, तसबीर जवळ असणं, गाणं येणं, सगळं खरं वाटायला लागलं. आणि वर आश्विनशेठच्या संशयालाही धार आली, कारण तिच्या घराण्याकडे बघून समाज आधीच संशय घेऊन बसलेला आहे, ह्याने अजून एक घेतला की तिला किती लागेल. मोलिएरमध्ये बापाची सक्ती हे संकट आहे, इथे तसा हट्टी बाप नाहीच, संकट फक्त मनातलं. मला तरी हे मूळ नाटकापेक्षा खोल वाटतं, भांडायचं असेल तर भांडा.

जुना प्रॉम्प्टर (इंदूर)

भांडत नाही, पण मर्फीच्या वाट्याचं त्याला द्या. मोलिएरच्या नाटकात वजन सगळं स्गानारेलकडे आहे, बायकोला संशय येतो पण तिला नाटकात नावसुद्धा नाही, ती नुसती स्गानारेलची बायको. मर्फीने एक अंकाचे पाच अंक केले आणि लेडी रेस्टलेसला नवऱ्याच्या बरोबरीने उभं केलं, ती नोकरांची उलटतपासणी घेते, घर डोक्यावर घेते. अजून एक प्रेमी जोडी घातली, त्याने नाटक थोडं पसरलं हे खरं. पण आपली कृत्तिका जी कंबर कसून उभी असते ती तिथून आलीय. फ्रेंचमधून सरळ आलं असतं तर कृत्तिकेला एवढं काम मिळालं नसतं. तुमच्याकडे कृत्तिका कोण करतंय ताई?

आणि मर्फीच्या आधीही एकदा हे नाटक लंडनला पोचलेलं होतं, १६६३ मध्ये, म्हणजे मोलिएर जिवंत असताना. विल्यम डॅव्हनंटने द प्लेहाऊस टु बी लेट म्हणून नाटक केलं, त्यात एक थिएटर भाड्याने द्यायचंय आणि वेगवेगळ्या मंडळ्या येऊन आपापला नमुना दाखवतात. त्यातली फ्रेंच मंडळी हेच स्गानारेल करते, मोडक्यातोडक्या फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत. म्हणजे तेव्हा लंडनला त्या नाटकापेक्षा फ्रेंच लोक कसे बोलतात यात जास्त रस. शंभर वर्षांनी मर्फीने त्यातला माणूस उचलला, बोलण्याची ढब नाही. परदेशी नाटक आधी परकं म्हणून येतं आणि घरातलं व्हायला वेळ लागतो.

विजयनगरचा (इंदूर)

भिया लोक, मी मराठी नाटकं कमी आणि हिंदी जास्त बघितलीत, म्हणून त्या बाजूने एक. मोलिएर आपल्या भागात सगळीकडे फिरून राहिलाय. हबीब तनवीरने त्याचं बुर्ज्वा जेंतियोम घेऊन मिर्जा शोहरत बेग केलं, नंतर लाला शोहरत राय. हजरत आवाराचं कंजूस म्हणजे लावार, ते तर कॉलेजवाले आजही करतात. जी. पी. श्रीवास्तवने मार मार कर हकीम केलं आणि मराठीत हरी नारायण आपटेंनी तेच नाटक मारून मुटकून वैद्यबुवा म्हणून आणलेलं. दोन भाषांत दोघांना मारच सुचला बघा, कारण मूळ गोष्टच तशी आहे, लाकूडतोड्याची बायको त्याच्यावर सूड घ्यायला सांगते की हा मोठा वैद्य आहे पण झोडपल्याशिवाय कबूल करत नाही. लावारवरूनच केलेलं कवडीचुंबक तर अत्र्यांचं, ते सगळ्यांना माहिती.

माझं म्हणणं एवढंच, की यातलं एकही नाटक बघताना प्रेक्षक फ्रान्सला जात नाही. कंजूस बघताना मला आमच्या गल्लीतला एक दुकानदार दिसत होता, सेम तो. मग मान जायचा प्रश्न कुठे येतो.

सुदामानगरवाली (इंदूर)

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. काल तालमीत मी हे सगळं वाचून दाखवलं, ग्वाल्हेरच्या दादांचं नक्षत्रांचं ऐकून आमचे आश्विनशेठ करणारे इतके खूश झाले की त्यांनी परत पहिल्यापासून प्रवेश करायला लावला. कृत्तिका आमच्या शेजारच्या वहिनी करतायत, बँकेत असतात, आवाज खणखणीत आहे, त्यांना मर्फीबद्दल सांगितलं तर म्हणाल्या म्हणजे माझा रोल इंग्रजांनी वाढवला का, बरं झालं.

आता अजून एक विचारते, हे निवेदनाचं नाही, बसवण्याचं आहे. आमचा स्टेज छोटा आहे, मांडवातला, खिडकी वर दाखवता येत नाही. कृत्तिकेने बघायचं कुठून? दिग्दर्शक म्हणतायत विंगेतून डोकावू दे. मला ते बरोबर वाटत नाही.

जुना प्रॉम्प्टर (इंदूर)

विंगेतून नको, अजिबात नको. कारण सांगतो. ती विंगेतून डोकावली की ती लपून बघतेय असं होतं, मग ती कपटी वाटते. ती कपटी नाही, ती आपल्या घरात आपल्या खिडकीत उभी आहे आणि समोर जे दिसलं ते तिला दिसलं. प्रेक्षकालाही दिसतंय की फाल्गुनरावाने बाईला धरलंय. फरक एवढाच की प्रेक्षकाने आधीचं अर्धं मिनिट बघितलंय आणि तिने बघितलेलं नाही. म्हणून ती चक्कर आल्यानंतर दिसली पाहिजे, आधी नाही, एक सेकंदही आधी नाही. मोलिएरलाही त्या चोवीस प्रवेशांत हेच सांभाळावं लागलं, कोण कधी आत आलं आणि त्याला नेमकं कुठलं अर्धं दिसलं.

मांडवात एक उपाय आहे, आम्ही केलेला. लाकडी चौकट करा, दोन बाय अडीच फूट पुरे, मागे स्टूल, त्यावर वहिनी उभ्या, चौकटीला पडदा. चक्कर आली की वहिनींनी स्वतःच्या हाताने पडदा सारायचा. उंची स्टुलाएवढीच असली तरी पडदा सारला की ती खिडकी होते. आणि स्टूल हलतं का ते आधी बघा, आमच्यावेळी हललं होतं, बाई पडता पडता वाचली.

तसबीर मोठी घ्या. मूळ फ्रेंचमध्ये ती तळहाताएवढी डबीतली असणार, पण मांडवात शेवटच्या रांगेला दिसायला हवी, नाहीतर नुसते हातवारे दिसतात आणि भांडण कशाचं चाललंय ते कळत नाही.

रावपुऱ्यातून (वडोदरा)

एक राहिलं होतं. शेवट. मोलिएरचं नाटक संपतं तेव्हा स्गानारेल प्रेक्षकांकडे वळून सांगतो की हे उदाहरण नीट लक्षात ठेवा, आणि डोळ्यांनी सगळं बघितलंत तरी कशावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे शेवटी हृदयी धरा हा बोध खरा हे पद येतं. तिथेही लक्षात ठेवा, इथेही हृदयी धरा. पण तिथे फसलेला माणूस बोलतो तर त्याच्या बोलण्यात अजूनही धास्ती आहे, जगावरच विश्वास नको म्हणतो. इथे गाणं होतं तेव्हा सगळे एकत्र उभे असतात आणि बोध संसार नीट चालावा म्हणून असतो. ते पद घ्या तुमच्या तीन प्रवेशांच्या शेवटी, दोघंच गाणारे असले तरी बाकीच्यांनी मागे साथ द्यायची, सगळ्यांना चाल येतेच.

राहुल देशपांडे-प्रशांत दामलेंनी केलेलं बघितलं असेल तुम्ही, त्यात नव्या पोरापोरींनी तेवढ्याच हसून दाद दिली, मी शेजारच्या रांगेत बघत होते.

सुदामानगरवाली (इंदूर)

झालं, निवेदन लिहून झालं. साडेतीन मिनिटं होतंय, अर्धं मिनिट कापायचंय. सुरुवात अशी केलीय: "२८ मे १६६० ला पॅरिसमध्ये एक मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडली. १७६१ मध्ये ती लंडनच्या बागेत पडली. देवलांनी तिला सावरून आपल्या घरी आणलं, तिचं नाव रेवती ठेवलं." मंडळातल्या त्या दोघांनी ऐकलं आणि मानाचा मुद्दा परत काढला नाही, उलट एकाने विचारलं की मोलिएरचा फोटो मिळेल का बोर्डवर लावायला, देवलांच्या शेजारी.

सासऱ्यांनी मर्फी हे नाव ठळक अक्षरात लिहायला लावलंय. लेक आजोबांना फ्रेंच उच्चार शिकवतेय, स्गानारेल त्यांना तिसऱ्या दिवशी जमलं.

चौकट सुताराकडे दिलीय, स्टूल मात्र नवीन घेतोय. आज तालीम नऊला आहे, पाऊस नसेल तर गच्चीवर.